ढेकर म्हशीचा, गळती पाइपची

नमस्कार मंडळी. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय, पण खरं सांगायचं तर हा भांडणाचा विषय आहे, हवा तापवणारा मिथेन नावाचा वायू कुणामुळं जास्त सुटतो हे ते भांडण, आणि ते तीस-पस्तीस वर्षं जुनं आहे. तेल, गॅस आणि कोळसावाले म्हणतात आमच्याकडं काय बघता, आधी गाई-म्हशींचे ढेकर मोजा, आणि शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणतात गुरं हजारो वर्षं रवंथ करतायत तेव्हा नाही हवा तापली, तुमच्या खाणी आणि विहिरी आल्या आणि तापली. दोघंही अर्धं खरं बोलतात. आपल्या तालुक्यात बहुतेकांच्या दारात एखादी तरी म्हैस आहे, दुधाच्या बिलावर पोरांच्या फिया भरल्या जातात, त्यामुळं तुम्ही कुठल्या बाजूनं टाळ्या वाजवणार ते मला माहितीय. म्हणून मी आधी तुमच्या विरुद्ध जाणारा आकडा सांगून टाकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२१ मध्ये मिथेनचा जागतिक आढावा काढला. माणसाच्या कारभारातनं जो मिथेन हवेत जातो त्यातला साधारण ४० टक्के शेतीतनं येतो, ३५ टक्के जीवाश्म इंधनांतनं, म्हणजे तेल, गॅस आणि कोळसा, आणि २० टक्के कचरा आणि सांडपाण्यातनं. शेतीच्या ४० मधले ३२ जनावरांचे, ८ भातशेतीचे. इंधनाच्या ३५ मधले २३ तेल-गॅसचे, १२ कोळशाच्या खाणींचे. टनात सांगायचं तर माणसाचा सगळा मिळून वर्षाला ३५-३६ कोटी टन, आणि निसर्गाचा, मुख्यतः दलदलींचा, धरला की बेरीज ५७-५८ कोटी टनांवर जाते. म्हणजे शेती पुढं आहे, पाच टक्क्यांनी का होईना. मी इथंच थांबलो असतो तर एखाद्या तेल कंपनीच्या जाहिरात खात्यानं मला हार पाठवला असता.

पण हे पाच टक्के कितपत पक्के आहेत ते बघू. जनावरांचा आकडा कसा काढतात? कुणी प्रत्येक म्हशीच्या तोंडाला नळी लावत नाही. डोकी मोजायची आणि प्रत्येक डोक्याला एक ठराविक किलो लावायचे. आपल्याकडं २०१९ ची पशुगणना आहे, गाई-बैल १९ कोटी २५ लाख, म्हशी जवळजवळ ११ कोटी. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीनं, आयपीसीसी म्हणतात तिला, २००६ मध्ये ठरवून दिलं की भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते, म्हैस ५५ किलो, इतर गुरं २७ किलो. उत्तर अमेरिकेतली दुभती गाय १२८ किलो. करा गुणाकार. तेल-गॅसचंही बरीच वर्षं असंच चाललं होतं, देशात वॉल्व्ह किती, कंप्रेसर किती, टाक्या किती, प्रत्येकाची ठराविक गळती धरा आणि गुणा, आणि अमेरिकेत तर यातले कित्येक गुणक १९९० च्या दशकातल्या पाहणीवरनं उचललेले. वॉल्व्ह शहाण्यासारखा वागतोय, वेळेवर सर्व्हिसिंग होतंय असं गृहीत धरलेलं.

मग लोकांनी विमानं उडवली, गाड्यांवर सेन्सर लावले, सॅटेलाइटवरनं बघायला सुरुवात केली आणि तिथं गाडं अडलं. २०१८ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला, अमेरिकेच्या तेल-गॅस साखळीतनं वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख टन मिथेन गळतो, म्हणजे काढलेल्या गॅसच्या २.३ टक्के, आणि हा आकडा तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त होता. आता २.३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण गळती ३ टक्क्यांच्या पुढं गेली की कोळशाऐवजी गॅस जाळून जो फायदा मिळतो म्हणतात तो जवळच्या काळात पुसला जातो, आणि टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यात सॅटेलाइटवरनं ३.७ टक्के मोजलेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ मध्ये जगभराचा ताळा केला तर ऊर्जा क्षेत्राचा खरा मिथेन सरकारं जे कळवतात त्याच्यापेक्षा साधारण ७० टक्क्यांनी जास्त निघाला. तेव्हा ४० विरुद्ध ३५ हा जो निकाल आहे तो फोटो फिनिश आहे आणि कॅमेरा हललेला आहे असं समजा.

गळतं कुठनं, हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं यावर कुणी बोलतच नाही. गॅस फील्डवर बरेच वॉल्व्ह हवेच्या नाही तर त्याच गॅसच्या दाबावर चालवतात, कारण लांब माळरानावर वीज नसते आणि गॅस हाताशी असतो. वॉल्व्ह उघडला-मिटला की थोडा गॅस हवेत सोडायचा, तो बिघाड नाही, डिझाइनच तसं आहे. मग फ्लेअर. तेलाबरोबर वर आलेला गॅस विकता येत नसेल तर पेटवून देतात, बॉम्बे हायला रात्री ज्या ज्वाळा दिसतात तसं. हिशोबात धरलेलं असतं की ९८ टक्के मिथेन जळून जातो. २०२२ मध्ये अमेरिकेत विमानातनं प्रत्यक्ष मोजलं तर ९१ टक्के निघालं, कारण काही फ्लेअर नीट जळत नव्हते आणि काही चक्क विझलेले होते, नळकांड्यातनं कच्चा गॅस वर चाललेला आणि कुणाला पत्ता नाही. मिथेनला रंग नाही, वास नाही. आपल्या घरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो.

आणि मग अपघात. लॉस एंजेलिसच्या जवळ अलिसो कॅन्यन म्हणून जमिनीखालचा गॅस साठा आहे. तिथली एक विहीर १९५३ मध्ये खोदलेली, तिचा सेफ्टी वॉल्व्ह १९७९ मध्ये काढला आणि परत बसवलाच नाही. २३ ऑक्टोबर २०१५ ला ती फुटली, ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत वाहत होती. सुमारे ९७ हजार टन मिथेन. हजारो कुटुंबांना घरं सोडून जावं लागलं. मगाशी सांगितलेला ५८ किलोचा हिशोब लावा, ही एक विहीर म्हणजे सोळा-सतरा लाख भारतीय दुभत्या गाईंचा वर्षभराचा रवंथ. २०२३ मध्ये कझाकस्तानात एक विहीर सहा महिन्यांच्या वर जळत-गळत होती, तिचा अंदाज १ लाख २७ हजार टन आहे, आणि ही बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली? मी विचारत नाही, हात वर करू नका.

अशा मोठ्या लोटांची युरोपच्या सॅटेलाइटवरनं मोजदाद झाली. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत १८०० च्या आसपास दिसले, त्यातले दोन तृतीयांश तेल-गॅसच्या जागांवर, तुर्कमेनिस्तान, रशिया, अमेरिका, इराण, कझाकस्तान, अल्जीरिया. जगातल्या तेल-गॅसच्या एकूण मिथेनपैकी ८ ते १२ टक्के या मोजक्या ठिकाणांहून. म्हणजे थोड्या जागा, थोडे मालक. जागेचे अक्षांश-रेखांश माहिती, मालकाचं नाव माहिती, वॉल्व्ह कुठला तेही माहिती. आता मला सांगा, गुरांच्या बाबतीत असं एक ठिकाण दाखवता येईल का? तीस कोटी गुरं, आणि कोट्यवधी दावणी.

आता शेतकऱ्यांच्या बाजूचा जो आवडता मुद्दा आहे तो घेऊ, कारण व्हॉट्सअपवर तो फार फिरतो. मुद्दा असा की गाईचा मिथेन चक्रातला आहे, गवतानं हवेतला कार्बन घेतला, गाईनं गवत खाल्लं, मिथेन सोडला, दहा-बारा वर्षांत त्याचा परत कार्बन डायऑक्साइड झाला, गवतानं परत घेतला, हिशोब शून्य. आणि खाणीतला मिथेन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला, तो नवीन भर. ऐकायला छान आहे आणि पहिला भाग खराही आहे. पण अडचण अशी की हवेत असताना मिथेनच्या रेणूवर गाय की गॅस फील्ड असं काही लिहिलेलं नसतं. तो तेवढाच तापवतो. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात शंभर वर्षांच्या हिशोबानं एक टन खाणीतला मिथेन म्हणजे सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक टन गाईचा मिथेन म्हणजे २७ टन. चक्र-चक्र म्हणून जो फरक सांगतात तो एवढाच, तीसाला तीन. वीस वर्षांच्या हिशोबानं बघितलं तर दोन्ही ८० च्या आसपास.

दुसरा मुद्दा जास्त दमदार आहे. मिथेन हवेत फार टिकत नाही. आठवडी बाजाराला गावात माणसं येतात आणि संध्याकाळी जातात, रोज तेवढीच आली-गेली तर गर्दी तेवढीच राहते, वाढत नाही. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही, आलेली बरीचशी माणसं मुक्कामालाच राहतात. म्हणून ज्या देशात गुरांची संख्या स्थिर आहे तिथं त्यांच्यामुळं तापमानात फारशी नवी वाढ होत नाही, असं ऑक्सफर्डचे माइल्स ॲलन आणि त्यांचे सहकारी सांगतात आणि गणित बरोबर आहे. फक्त हेच गणित गळक्या पाइपलाही लागू होतं हे कुणी सांगत नाही. पाइप रोज तेवढाच गळला तर त्याचीही गर्दी तेवढीच. आणि असलेली गर्दी काही कमी तापवत नाही, मिथेननं आत्तापर्यंत साधारण अर्धा अंश तापमान वाढवलंय, ते तसंच राहतं. न्यूझीलंडमधल्या काही मंडळींनी हा बाजाराचा हिशोब फार मनावर घेतला, तिथं देशाच्या उत्सर्जनात जवळजवळ निम्मा वाटा शेतीचा आहे. २००३ मध्ये तिथं जनावरांवर एक छोटा संशोधन कर लावायचं चाललं होतं, पेपरवाल्यांनी त्याला पादण्यावरचा कर असं नाव ठेवलं, आणि शेन आर्डर्न नावाचे खासदार ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढले. कर गेला. २०२२ मध्ये परत आणायचं ठरलं, २०२४ मध्ये नव्या सरकारनं परत गुंडाळला. गंमत म्हणजे नाव चुकीच्या टोकाचं होतं, जनावराचा ९० टक्क्यांच्या वर मिथेन तोंडातनं येतो, ढेकरातनं. डेन्मार्कनं मात्र २०२४ मध्ये कर ठरवून टाकलाय, २०३० पासून लागू.

आता आपल्या देशाकडं येतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेनं देशवार उत्सर्जनाची यादी काढली, त्यात भारत पाचवा. कसा? तर आपली भाताची खाचरं आणि गुरं धरून. दिल्लीचे पर्यावरण कार्यकर्ते अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण भडकले आणि १९९१ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली, तिचा सवाल साधा होता, युरोप-अमेरिकेच्या गाडीतला धूर आणि बंगालच्या पोटापुरतं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातला मिथेन एकाच तराजूत कसा घालता, एक चैनीचा आणि एक जगण्याचा. त्याच सुमारास भातशेतीच्या आकड्याचाही निकाल लागला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज होता की भारतातली खाचरं वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या वर मिथेन सोडतात, हा अंदाज परदेशातल्या शेतांवरची मोजमापं भारताला लावून काढलेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा आणि त्यांची टीम देशभर शेतात उतरली, खाचरात पेट्या ठेवून गॅस गोळा केला आणि १९९१ च्या मोहिमेतनं आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. जवळजवळ नवव्या-दहाव्या हिश्शाचा! कारणं साधी होती, आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब कमी, आणि बरीच शेतं पावसावरची, मधेमधे सुकणारी, आणि सुकलेल्या चिखलात मिथेन करणारे सूक्ष्मजीव थंडावतात. मला हा किस्सा फार आवडतो. कुणी तावातावानं भाषण केलं नाही, पेट्या ठेवल्या आणि मोजलं.

तेव्हापासून भारताची भूमिका तीच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अमेरिका आणि युरोपनं जागतिक मिथेन संकल्प मांडला, २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात. पुढं दीडशेच्या वर देश त्यात आले. भारत नाही, चीन नाही. आपलं म्हणणं की आमचा मिथेन छोट्या आणि सीमांत शेतकऱ्यांचा आहे, त्यांच्यावर बोजा टाकणार नाही. सरकारनंच दिलेला २०१६ चा हिशोब आहे, भारताच्या मिथेनपैकी ७४ टक्के शेतीचा, १४ टक्के कचऱ्याचा, ऊर्जा क्षेत्राचा साडेदहा टक्के. म्हणजे जगात जी टक्कर बरोबरीची आहे ती आपल्याकडं एकतर्फी आहे, आणि म्हणून दिल्लीचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला मिथेनचा हिशोब मागणं हा निर्लज्जपणा आहे.

पण मंडळी, ही ढाल फार सोयीची झालीय. जगण्याच्या मिथेनचं नाव घेऊन आपण उरलेल्या पंचवीस टक्क्यांबद्दलही गप्प बसतो. देशाचं कोळशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या वर गेलं. भूमिगत खाणीत मिथेन असतो हे काय आज कळलं नाही, हम्फ्री डेव्हीनं १८१५ मध्ये जाळीचा दिवा त्याच्यासाठीच बनवला, आणि आपल्याकडं आजही खाणींची प्रतवारी गॅसच्या प्रमाणावर होते. मोजलं जातं ते कामगार मरू नयेत म्हणून, आणि तेच महत्त्वाचं आहे, पण मोजून झाल्यावर पंख्यानं हवेत सोडून देतात. मुंबईच्या डंपिंग ग्राउंडचा मिथेन सॅटेलाइटवरनं दिसतो, दिल्ली, लाहोर आणि ब्वेनोस आयरेसच्या बरोबरीनं २०२२ च्या एका शास्त्रीय निबंधात त्याची नोंद आहे. यातला एकही कण कुठल्या शेतकऱ्याचा नाही. तिकडं अमेरिकेत तेलवाले गाईकडं बोट दाखवतात, इकडं आपण म्हशीच्या आड खाण झाकतो. उपयोग दोन्हीकडं जनावराचाच.

आता एक गोष्ट जी शेतीच्या वकिलाला अडचणीची आहे, आणि ती सांगितली नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. हवेतला मिथेन उद्योगयुगाच्या आधी अब्जात ७२० भाग होता, आता १९०० च्या वर आहे. १९९९ ते २००६ तो वाढायचा जवळजवळ थांबला होता, आणि २००७ पासून परत चढायला लागला, २०२० नंतर तर विक्रमी वेगानं. कुणामुळं? तेव्हाच अमेरिकेत शेल गॅस, म्हणजे खोलवरचे खडकाचे थर फोडून काढलेला गॅस, आला होता, तेव्हा सगळ्यांचा संशय तिकडं. पण मिथेनला एक ओळखखूण असते. कार्बनचा एक जड भाऊ आहे, कार्बन-१३, हजारात अकराच्या आसपास. सूक्ष्मजीव हलका कार्बन आधी उचलतात, त्यामुळं गाईच्या पोटातला, खाचरातला, दलदलीतला मिथेन हलका निघतो, आणि खाणीतला त्यामानानं जड. २००७ पासून हवेतला मिथेन हलका होत चाललाय. म्हणजे वाढीचा मोठा भाग सूक्ष्मजीवांकडनं येतोय. शेल गॅसची गळती या हलकेपणात बसवायचे प्रयत्न झाले, कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ यांनी तसा युक्तिवाद केला, पण बहुतेक संशोधक आज दलदली, गुरं आणि कचरा याच तिघांकडं बघतात. दलदली तापतायत म्हणून जास्त सोडतायत, म्हणजे तो दोष फिरून परत धुरांड्यांकडं जातो, पण गुरं वाढली हेही खरं आहे.

आणि ओळखखुणेचाच दुसरा पुरावा उलट बाजूचा. ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेली जुनी हवा काढून २०२० मध्ये तपासली, तर उद्योगयुगाच्या आधी जमिनीतनं आपोआप झिरपणारा जीवाश्म मिथेन फार थोडा होता असं निघालं. आज हवेत जीवाश्म मिथेन किती आहे ते माहिती आहे, त्यातला निसर्गाचा वाटा एवढा कमी, म्हणजे उरलेला सगळा माणसाचा, आणि तो आधीच्या अंदाजापेक्षा २५ ते ४० टक्क्यांनी जास्त. तर एकूण आकड्यात खाणवाले कमी दाखवले गेले आणि अलीकडच्या वाढीत सूक्ष्मजीव पुढं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो.

म्हणून मला कुणाचा वाटा जास्त या प्रश्नात फार रस उरलेला नाही. मला रस आहे की बंद कुणाला करता येतं, किती दिवसांत आणि कुणाच्या पैशानं. गॅसची गळती थांबवली तर वाचलेला गॅस विकता येतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था दरवर्षी सांगते की इंधन क्षेत्रातला ७० टक्के मिथेन आज बाजारात असलेल्या तंत्रानं थांबवता येईल, आणि गॅसचे भाव बरे असतील तर त्यातला मोठा भाग फुकटात पडतो. इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन माणूस फिरवायचा, गॅसऐवजी दाबाच्या हवेवर किंवा विजेवर वॉल्व्ह चालवायचे, फ्लेअर पेटलेला आहे का बघायचं. रॉकेट सायन्स नाही. कोळशाचं अवघड आहे हे मान्य, खाणीच्या पंख्यातनं येणाऱ्या हवेत मिथेन एक टक्क्याच्याही खाली असतो, तो जाळायलाही कष्ट पडतात. पण तेल-गॅसवाल्यांना सबब नाही. अमेरिकेनं २०२२ मध्ये कायदा करून जादा गळतीवर टनाला ९०० डॉलरपासून पुढं दंड ठेवला होता, आता तो २०३४ पर्यंत पुढं ढकलून टाकलाय. युरोपनं २०२४ मध्ये नियम केला, त्यात आयात होणाऱ्या गॅसच्या गळतीचाही हिशोब मागितलाय, बघू किती टिकतो.

गोठ्यात काय करता येतं? इथं मला जरा वेळ द्या. कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, जे सूक्ष्मजीव वैरण कुजवतात त्यातनं हायड्रोजन निघतो, आणि मिथेन करणारे दुसरे जीव तो हायड्रोजन वापरून टाकतात. तो साठला तर जनावराची पचनाची भट्टीच बंद पडेल, म्हणून मिथेन हा जनावराचा दोष नाही, सोय आहे. पण त्यात खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा हवेत जाते, म्हणजे तुमच्या पेंडीचे पैसे. चारा जेवढा काडीसारखा, नुसता कडबा आणि उसाचं वाढं, तेवढा एका लिटर दुधामागं मिथेन जास्त. मगाचे आकडे परत घ्या, अमेरिकेची गाय १२८ किलो, आपली ५८, आपली गाय गरीब बिचारी वाटते. पण त्याच तक्त्यात दूध धरलंय अमेरिकेच्या गाईचं वर्षाला ८४०० किलो आणि आपल्या गाईचं ९००. लिटरमागं आपला मिथेन चौपट झाला. मुरघास, हिरवा चारा, थोडं संतुलित खाद्य, दोन वेतांतलं अंतर कमी, एवढ्यानं लिटरमागचा आकडा उतरतो, आणि हे तुम्हाला तुमचे डॉक्टर मिथेनचं नावही न घेता सांगतच असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं हरित धारा नावाचं टॅनिनवालं पूरक खाद्य काढलंय, १७ ते २० टक्के मिथेन कमी होतो म्हणतात. परदेशात बोव्हेर नावाची पावडर आहे, तीसेक टक्के कमी करते, पण ती रोज खाद्यात मिसळावी लागते, रानात चरणाऱ्या जनावराला कशी देणार आणि पैसे कोण देणार? दूध संघ लिटरमागं त्याचे चार पैसे देणार असेल तर बोला, नाहीतर शेतकऱ्याच्या खिशातनं हवामान सुधारायचा उद्योग कुणी सांगू नये. आणि भाकड जनावरांचा प्रश्न आहे, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही कत्तलीसाठी विकायची वाट बंद झालीय, दावणीला बांधलेलं भाकड जनावर दूध शून्य देतं आणि मिथेन देतच राहतं. यावर मी बोललो की आयोजकांचे चेहरे बदलतात, म्हणून पुढं जातो.

भाताचं त्यामानानं सोपं आहे, खाचर सतत भरून न ठेवता मधे पाणी उतरू द्यायचं, परत भरायचं, तिसेक टक्के किंवा जास्तही मिथेन कमी होतो आणि पाणी वाचतं. पण हे पंजाबात, जिथं पंप आपल्या हातात आहे. कोकणात जुलैच्या पावसात खाचरातलं पाणी उतरव म्हणून कुणाला सांगणार.

प्रश्न आलेत दोन-तीन. एकानं विचारलंय, गोबरगॅस केला तर शेतकऱ्याचा मिथेन मिटला का. चांगला प्रश्न आहे. गोबरगॅस आपल्याकडं जुना, एकोणिसाव्या शतकात माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत तो दिव्याला वापरल्याचा उल्लेख सापडतो. पण आधी एक लक्षात घ्या, त्यानं ढेकर कमी होत नाही, फक्त शेणाचा भाग हातात येतो, आणि आपल्याकडं शेण बरंचसं थापून वाळवलं जातं किंवा उकिरड्यावर उघडं पडतं, त्यातनं मिथेन कमीच निघतो कारण हवा लागते. टाकीत घातलं की आपण मुद्दाम हवा बंद करून भरपूर मिथेन तयार करतो. तो शेगडीत जळला तर उत्तम, सिलिंडर वाचला, सरपण वाचलं. पण घुमट तडकला असेल, किंवा घरात लग्न आहे म्हणून आठवडाभर शेगडी पेटली नाही आणि गॅस कडेनं सुटतोय, तर आधी होता त्यापेक्षा जास्त मिथेन तुम्ही हवेत सोडताय. त्यामुळं वर्षातनं एकदा तरी घुमट आणि पाइपचे जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासा, बुडबुडे आले तर जॉइंट खोलून टेफ्लॉन टेप गुंडाळा, आणि तपासताना बिडी बाहेर ठेवा.